ईशान्य जपानमधील तोहोकूच्या भूकंपानंतर पत्नी आणि मुलीला टोकियोला परत आणावे का?

निशिकासाईकर, १६ एप्रिल २०११

नमस्कार. मी नोकरीनिमित्त गेली काही वर्षे टोकियोत राहतो. आमचे घर एदोगावा विभागातील निशिकासाई भागात आहे, जिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी ओतेमाचीतील कार्यालयात होतो आणि पत्नी व सहा वर्षांची मुलगी घरी होत्या. रेल्वे बंद पडल्यामुळे सुमिदा आणि अराकावा या दोन्ही नद्यांवरचे पूल ओलांडत, हजारो लोकांबरोबर चालत मी रात्री उशिरा घरी पोहोचलो. इमारतीला काहीही झाले नव्हते. पुस्तकांचे एक कपाट तेवढे आडवे झाले होते. पुढे १२, १४ आणि १५ मार्चला फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा प्रकल्पात एकामागून एक स्फोट झाले, दुकानांतून पाणी, पाव आणि तांदूळ दिसेनासे झाले, ठाण्याहून सासू-सासऱ्यांचे फोन थांबेनात, तेव्हा आम्ही दोघांनी विचार करून पत्नी आणि मुलीला ठाण्याला पाठवले. शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात पुनर्प्रवेशाच्या, म्हणजे बाहेर जाऊन त्याच राहण्याच्या दर्जावर परत येण्याच्या, परवान्यासाठी इमारतीबाहेरपर्यंत रांग होती, परंतु तो परवाना घेऊनच त्या निघाल्या.

आता इथले दैनंदिन जीवन बरेचसे पूर्ववत झाले आहे. नियोजित वीजकपातीची झळ आमच्या विभागाला लागली नाही आणि ८ एप्रिलला वीज कंपनीने ती एकंदरच थांबवत असल्याचे जाहीर केले. मुलीच्या शाळेचे नवे वर्ष सुरू झाले असून, मे महिन्याच्या सुरुवातीच्या गोल्डन वीकच्या सुट्टीपर्यंत तिची जागा राखून ठेवू, असे शाळेने कळवले आहे. दुसरीकडे सासऱ्यांनी ठाण्यातल्या एका शाळेत जूनपासूनच्या प्रवेशाची बोलणी केली आहेत. पत्नीचा कल परत येण्याकडे आहे. माझे आईवडील साताऱ्याला असतात. त्यांचा आणि सासू-सासऱ्यांचा, अशा चौघांचाही या विचाराला ठाम विरोध आहे. सगळे जुळत आले असे वाटत असतानाच ७ एप्रिलच्या रात्री मियागीत आणि ११ एप्रिलच्या संध्याकाळी फुकुशिमात पुन्हा मोठे धक्के बसले, आणि १२ तारखेला अणुदुर्घटनेची पातळी सातवर, म्हणजे चेर्नोबिलच्या बरोबरीला नेण्यात आली. त्या दिवशी मराठी वाहिन्यांवर जे दाखवले गेले, ते पाहून आईने फोनवर एकच वाक्य उच्चारले: "आता तू पण ये."

मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर सर्वांत आधी विचारते, "बाबा, आज हललं का?" मी खरे ते सांगतो, कारण बहुतेक दिवशी हललेले असतेच.

जे कुटुंबासह इथे राहिले, जे परत गेले, किंवा ज्यांनी अन्य देशांत अशी परिस्थिती अनुभवली आहे, त्यांनी कृपया लिहावे. केवळ धीर देणारी उत्तरे नकोत. लहान मुलाला अशा वेळी परत आणणे कितपत योग्य आहे, आणि तो निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा, हे मला समजून घ्यायचे आहे.

एदोगावाची_आई, १६ एप्रिल २०११

आम्ही तुमच्याच भागात राहतो आणि आम्ही गेलो नाही. त्यात शौर्य काही नव्हते. धाकटा दहा महिन्यांचा, त्याला ताप होता, आणि त्या अवस्थेत विमानतळावर ताटकळण्यापेक्षा घरात राहणे मला अधिक सुरक्षित वाटले.

राहिल्यामुळे काय अनुभवास आले ते सांगते. पहिल्या संध्याकाळी गॅस पेटेना. मला वाटले, वाहिनी फुटली. शेजारच्या आजींनी मला दाराबाहेरच्या मीटरपाशी नेले, टोपण काढून आतले बटण दाबायला लावले, आणि लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत, म्हणजे साधारण तीन मिनिटे, घरात काहीही न पेटवता थांबायला सांगितले. मोठा धक्का बसला की इथले मीटर गॅस आपोआप तोडतात आणि गळती नाही ना, हे तपासूनच तो पुन्हा सोडतात, हे इतकी वर्षे राहूनही मला कोणी सांगितले नव्हते. वहिनी परत आल्या, तर त्यांना हे पहिल्या दिवशी दाखवा. अशा क्षणी आपल्या हाताने करण्यासारखे काहीतरी असले, की भीतीचा जोर ओसरतो.

सर्वांत कठीण दिवस भूकंपाचा नव्हता, २३ मार्चचा होता. कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात लिटरमागे २१० बेकरेल (किरणोत्साराचे एकक) किरणोत्सारी आयोडीन सापडल्याचे महानगर प्रशासनाने जाहीर केले. अर्भकांसाठीची मर्यादा १०० आणि मोठ्यांसाठीची ३००. आपल्या पूर्व टोकियोला याच केंद्राचे पाणी येते. आयोडीन उकळून जात नाही, हे कळल्यावर बाळाचे दूध कशात कालवायचे, हा प्रश्न पडला. दुकानांत बाटलीबंद पाण्याच्या मांडण्या रिकाम्या होत्या. विभाग कार्यालयाने एक वर्षाखालील प्रत्येक बाळासाठी ५५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तेच प्रमाण ७९ वर आले आणि सूचना मागे घेण्यात आली. तरीही मी पुढे बरेच दिवस नळाचे पाणी बाळाला दिले नाही, आणि मला कोणी भित्री म्हटले असते तरी दिले नसते. मोठ्या मुलीला आणि आम्हा दोघांना मात्र तेच पाणी चालू ठेवले. प्रत्येकासाठी वेगळा नियम असू शकतो, आणि कुटुंबात तसा ठरवावाच लागतो.

धक्क्यांविषयी म्हणाल, तर ते थांबलेले नाहीत. छताच्या दिव्याला लोंबणारी दोरी हलते आहे का, हे पाहून धक्का खरा की आपल्याला नुसतेच गरगरते आहे, ते आम्ही ठरवतो. मोबाइलवरचा पूर्वसूचनेचा आवाज झाला, की माझी सात वर्षांची मुलगी न बोलता टेबलाखाली जाते आणि धक्का सरला की बाहेर येऊन पुढचे चित्र रंगवते. सुरुवातीला ती रडत असे. तिला "काही होणार नाही" असे मी कधीच सांगितले नाही, कारण ते खोटे ठरण्याची वेळ रोज येत होती. धक्का येईल, आपण टेबलाखाली जाऊ, इमारत हलेल पण पडणार नाही, एवढेच सांगत आले. आपल्या इमारती १९८१ नंतरच्या भूकंपरोधक नियमांप्रमाणे बांधलेल्या आहेत का, हे तुम्ही घरमालकाकडून किंवा व्यवस्थापनाकडून खात्रीने जाणून घ्या. मुलीला हे वाक्य सांगताना तुमच्या आवाजात ती खात्री उतरली पाहिजे.

माझे मत विचाराल, तर त्यांना आणावे. मात्र वहिनींचा "कल" परत येण्याकडे आहे, असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे आणि वडीलधाऱ्यांच्या विरोधाला त्याहून जास्त जागा दिली आहे. तुम्ही दिवसभर कार्यालयात असाल. धक्का बसेल तेव्हा मुलीचा हात धरायला त्याच असतील. त्यांना काय वाटते, ते आधी त्यांच्याकडून सविस्तर ऐका.

त्सुकुबाकर, १७ एप्रिल २०११

सातव्या पातळीविषयी भारतात फार गैरसमज पसरला आहे, म्हणून लिहितो. माझे काम प्रारण (रेडिएशन) मोजमापाशी संबंधित आहे आणि आम्ही स्वतः त्सुकुबात, म्हणजे फुकुशिमापासून तुमच्यापेक्षा जवळ, कुटुंबासह राहतो.

१२ एप्रिलला नव्याने काही घडले नाही. मार्चच्या मध्यापासून वातावरणात एकूण किती किरणोत्सारी पदार्थ गेले असावेत, याचा अंदाज तयार झाल्यावर त्या आधीच घडून गेलेल्या घटनेला उशिरा सातवी पातळी दिली गेली. आंतरराष्ट्रीय श्रेणीत सातच्या वर काही नाही, त्यामुळे चेर्नोबिल आणि फुकुशिमा एका रकान्यात बसतात. परंतु अधिकृत अंदाजानुसार इथला उत्सर्ग चेर्नोबिलच्या साधारण एक दशांश आहे. दुसरा महत्त्वाचा फरक अन्नाचा. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला तो प्रामुख्याने किरणोत्सारी आयोडीन असलेले दूध मुलांनी आठवडेच्या आठवडे प्यायल्यामुळे. इथे २१ मार्चलाच फुकुशिमातील दुधाची आणि फुकुशिमा, इबाराकी, तोचिगी, गुन्मा या चार प्रांतांतील पालकाची विक्री रोखण्यात आली. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, त्यामुळे २२ मार्चला पाण्यात जे होते त्याचा आज साधारण आठवा भाग उरला असता, जरी ते पाणी तसेच साठवून ठेवले असते.

टोकियोतील शिंजुकूच्या मोजणी केंद्रावर १५ मार्चला काही काळ ताशी ०.८०९ मायक्रोसीव्हर्ट (प्रारणाच्या मात्रेचे एकक; हजार मायक्रो म्हणजे एक मिलिसीव्हर्ट) इतका उच्चांक नोंदला गेला. आता तोच आकडा ०.०८ च्या आसपास आहे आणि भूकंपापूर्वीच्या नेहमीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी आला आहे. हा दर वर्षभर तसाच राहिला तरी एकूण मात्रा एक मिलिसीव्हर्टच्या आत राहते. केरळच्या किनारपट्टीवर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या याच्या कितीतरी पट नैसर्गिक प्रारणात राहत आले आहेत, हे तुमच्या सासऱ्यांना सांगता येईल.

एवढे सांगून मी थांबलो तर ते अर्धवट होईल. शिंजुकूचे यंत्र जमिनीपासून बरेच उंच, इमारतीच्या गच्चीवर आहे, आणि मुले जमिनीवर खेळतात. शिवाय २१ मार्चच्या पावसाने जे खाली आणले, ते सगळीकडे सारखे पडलेले नाही. चिबा प्रांतात काशिवा येथे विद्यापीठाने आपल्या आवारात मोजलेले आकडे शिंजुकूपेक्षा कित्येक पट अधिक आहेत, आणि काशिवा तुमच्या विभागापासून फार लांब नाही. तेही आकडे घाबरून पळावे असे नाहीत, पण "टोकियोचा आकडा" म्हणून एकच संख्या पाहून निश्चिंत होणे योग्य नाही. मुलीची शाळा आणि खेळण्याचे मैदान कुठे आहे, तिथले मोजमाप कोणी केले आहे का, हे शाळेला लेखी विचारा. पावसाचे पाणी जिथे साचते, पन्हाळी जिथे उतरतात, गटारांच्या कडेला जिथे गाळ आणि पाला जमतो, तिथे मुलांना खेळू देऊ नका. बाहेरून आल्यावर हातपाय धुणे ही आपल्याकडची जुनी सवय या वर्षी कसोशीने पाळा. आयोडीन जाईल, पण सीझियम-१३७ हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला ३० वर्षे लागतात, म्हणून भाज्या, दूध आणि चहा यांचे आकडे पाहण्याची सवय बराच काळ ठेवावी लागेल.

खरा धोका प्रकल्प पुन्हा बिघडण्याचा आहे आणि तो शून्य नाही. मी स्वतः घरात एक ठरवून ठेवले आहे: आमच्या भागातला आकडा अमुक मर्यादेच्या वर गेला आणि काही तास तसाच राहिला, तर कोणाशी चर्चा न करता पत्नी मुलांना घेऊन ओसाकाकडे निघेल. तो आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावला आहे. तुमचा आकडा तुम्ही दोघांनी शांत डोक्याने आजच ठरवा, कारण त्या दिवशी तो ठरवता येत नाही.

उमरगेकर, १७ एप्रिल २०११

मी या दोन्ही उत्तरांशी सहमत नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मी निवृत्त अभियंता आहे. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर मी उमरगा तालुक्यात होतो. माझा मुलगा आणि सून सध्या योकोहामात आहेत, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांच्या जागी मी रोजच बसलेला असतो.

३० सप्टेंबरच्या पहाटे, पाचला तासभर असताना, तो भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जनाची जागरणे झालेली. दगड-मातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचे माळवद, त्याखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. जपानच्या पक्क्या इमारतींशी त्याची तुलना होत नाही, हे मला कळते. परंतु नंतरचे मी जे पाहिले, ते मुलांच्या बाबतीत इथेही लागू पडेल. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, उन्हात ते तापत, पावसात त्यांचा आवाज बोलू देत नसे, तरीही पक्के घर बांधून दिल्यावर कित्येक कुटुंबे त्यात झोपायला तयार नव्हती. दिवसभर घरात, रात्री पुन्हा शेडमध्ये किंवा अंगणात. घर सुरक्षित आहे, हे मी त्यांना नकाशे दाखवून सांगत असे. त्यांना ते पटतही असे. झोप मात्र येत नसे.

तुमच्या मुलीची अवस्था आकड्यांनी बदलणार नाही, हे मला सांगायचे आहे. तिला आत्ता एका जागी स्थिर होऊ द्या. भारतीय जैन संघटनेने त्या वेळी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. घर सोडून मुले राहतील का, अशी मला शंका होती. शाळेची घंटा, जेवणाची वेळ, तोच वर्ग, तेच शिक्षक, हे सलग मिळाल्यावर माझ्या ओळखीच्या गावांतली मुले सावरली. तेव्हा ठाण्यात जूनपासून शाळा मिळत असेल, तर तिला हे एक वर्ष आजी-आजोबांच्या सोबत काढू द्यावे. मेमध्ये न्यायचे, पुन्हा एखादा मोठा धक्का बसला की जूनमध्ये आणायचे, ही ओढाताण लहान जिवाला सर्वांत वाईट.

आणि घाई कशाची? आजच त्या वीज कंपनीने जाहीर केले आहे, की अणुभट्ट्या पूर्णपणे थंड आणि स्थिर करायला सहा ते नऊ महिने लागतील. ज्यांचा तो प्रकल्प आहे, तेच वर्षअखेरीची भाषा करत असताना सहा वर्षांच्या मुलीने मेमध्ये तिथे असलेच पाहिजे, असे काय अडले आहे? शाळेची जागा गेली तर पुन्हा मिळेल.

क्राइस्टचर्चहून, १८ एप्रिल २०११

उमरगेकर काकांचा अनुभव मोठा आहे आणि ओढाताणीविषयी ते म्हणतात ते खरे आहे. तरी आमच्याकडे घडले त्यावरून वेगळा निष्कर्ष निघतो.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात जीवितहानी जवळपास झालीच नाही. मोठे संकट टळले, असे सगळ्यांनी गृहीत धरले. यंदा २२ फेब्रुवारीला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी झालेला भूकंप ६.३ चाच होता, पण अगदी उथळ आणि शहराला लागून. त्यात १८० हून अधिक माणसे गेली. शहराच्या पूर्वेकडील आमच्या वस्तीत जमिनीतून राखाडी चिखल उफाळून आला आणि अंगण गुडघाभर भरले. विद्यार्थ्यांच्या तुकड्या फावडी घेऊन गल्लोगल्ली फिरून तो उपसत होत्या; आमच्या दारातला चिखलही अशाच अनोळखी मुलांनी काढला. पाणी उकळून पिणे, रस्त्यावर ठेवलेली फिरती शौचालये वापरणे, हे आम्ही आठवडेच्या आठवडे केले.

पत्नी दोन्ही मुलांना घेऊन ऑकलंडला मित्राकडे गेली. तिथे सर्व सोयी होत्या आणि एकही धक्का नव्हता. तरी मोठा मुलगा तिथेच बिघडला. तो अंथरूण ओले करू लागला, आणि मी फोन उचलला नाही की "बाबा दबले" म्हणून रडू लागला. धक्क्यापेक्षा बाप दिसत नाही, याची भीती त्याला जास्त होती. मार्चमध्ये ते परत आले. त्याच्या शाळेची इमारत बंद असल्यामुळे दुसऱ्या शाळेच्या आवारात दुपारच्या पाळीत वर्ग भरतात. घरी येईपर्यंत संध्याकाळ होते. धक्के चालूच आहेत. पण तो आता पूर्वीसारखा झोपतो, कारण धक्का बसला की मी त्याच खोलीत असतो.

निशिकासाईकर, तुमची मुलगी रोज "हललं का" असे विचारते, तेव्हा ती भूकंपाची चौकशी करत आहे की तुमची, हे एकदा लक्ष देऊन ऐका. काकांनी ज्या मुलांचे उदाहरण दिले, त्यांची घरेच राहिली नव्हती. तुमचे घर उभे आहे आणि त्यात तुम्ही आहात.

उमरगेकर, १८ एप्रिल २०११

क्राइस्टचर्चच्या मुलाचे वाचून मी दुपारभर विचार करत होतो. बाप दिसत नाही याची भीती मी हिशेबात धरली नव्हती, हे मान्य. तरीही मुलीला न्यायचेच असेल तर वर्षभर तिथेच ठेवण्याच्या तयारीने न्यावे, या माझ्या म्हणण्यावर मी ठाम आहे.

निशिकासाईकर, १८ एप्रिल २०११

सर्वांचे मनापासून आभार. एदोगावाच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे हा सगळा धागा पत्नीला वाचायला दिला. ती स्वतः लिहू इच्छिते. पुढील मजकूर तिचा आहे.

नमस्कार. मी ठाण्याहून लिहिते आहे. माझ्या माहेरी मला काही कमी नाही, आणि आई-बाबांच्या काळजीविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु इथे आल्यापासून जो भेटतो, तो "सुटलात बाई" असे म्हणतो, आणि मी कशातून सुटले, ते मला समजत नाही. इवाते, मियागी आणि फुकुशिमा या प्रांतांत मिळून १३ हजारांहून अधिक मृतदेह सापडले आहेत आणि तेवढीच माणसे बेपत्ता आहेत. सुटका हा शब्द त्यांच्या नातेवाइकांच्या संदर्भात वापरायचा. आमचे एक कपाट पडले होते.

मी जायचे ठरवले तर ते नवऱ्याच्या सोबतीसाठी म्हणून नव्हे. ते माझेही घर आहे. तिथे माझी मराठी मुलांची शनिवारची शिकवणी आहे, मुलीच्या मैत्रिणी आहेत, आणि लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या ज्या शेजारीणबाई ११ मार्चला आम्हा दोघींना खाली मैदानात घेऊन गेल्या आणि स्वतःची शाल मुलीला देऊन स्वेटरवर उभ्या राहिल्या, त्यांना निरोपही न देता मी निघून आले. आमच्या ओळखीचे काहीजण आता तोहोकूतल्या निवारा केंद्रांत अन्न शिजवून वाढण्यासाठी जात आहेत. भारतातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ४६ जणांची तुकडी मियागीतील ओनागावाला शोधकार्यासाठी येऊन गेली. आपली माणसे तिकडे जात असताना आपल्याच घरी परतायला मला चार वडीलधाऱ्यांची परवानगी मागावी लागावी, याचे मला वाईट वाटते.

धोका नाही, असे मी म्हणत नाही. त्सुकुबाकरांचे उत्तर मी बाबांना वाचून दाखवले. केरळच्या वाळूचा दाखला त्यांना फारसा पटला नाही. फ्रिजवरच्या आकड्याचा मात्र पटला. "ठरवलेला आकडा ओलांडला की मला न विचारता निघायचे" अशी अट त्यांनी घातली, आणि ती मी मान्य केली. उमरगेकर काकांची अटही मान्य आहे: गेलो तर वर्षभर तिथेच, किरकोळ धक्क्यांवरून पुन्हा ये-जा नाही. मुलीला तिच्या कुवतीप्रमाणे सगळे सांगितले आहे. तिने दोन प्रश्न विचारले. टेबलाखाली आम्ही तिघे मावू का, हा पहिला. रात्री बूट पलंगाजवळ ठेवता येतील का, हा दुसरा. दोन्हींना हो म्हटले आहे.

आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात येण्याचे योजले आहे. आता एकच व्यावहारिक शंका आहे. माझा पुनर्प्रवेशाचा परवाना एकाच वेळेचा आहे. जपानमध्ये उतरल्यावर तो संपेल. पुन्हा अचानक निघण्याची वेळ आली तर काय करावे? आणि शाळेसाठी वेगळे काही घ्यावे लागते का?

एदोगावाची_आई, १९ एप्रिल २०११

वहिनी, स्वागत आहे. आल्यावर पहिल्याच आठवड्यात शिनागावाला जाऊन दोघींसाठी अनेक वेळा चालणारा परवाना काढून ठेवा. एका वेळेच्या परवान्याला ३,००० येन आणि अनेक वेळांच्या परवान्याला ६,००० येन शुल्क पडते. तेवढ्या रकमेचे महसुली तिकीट अर्जावर लावावे लागते. सध्या रांग मार्चच्या मानाने काहीच नाही, तरी सकाळी लवकर जा आणि दोघींचे पासपोर्ट व परदेशी नोंदणीचे कार्ड बरोबर ठेवा. परवाना न घेता देश सोडला तर राहण्याचा दर्जाच रद्द होतो आणि सगळी कागदपत्रे मुळापासून करावी लागतात. मार्चमध्ये घाईत निघालेल्या आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांना आता त्याच फेऱ्यातून जावे लागत आहे.

शाळेसाठी कापूस भरलेली डोके झाकणारी टोपी लागते. ती खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवतात आणि धक्का बसला की मुले ती घालून बाकाखाली जातात. सध्या दुकानांत ती मिळत नाही. माझ्या मुलीची जुनी धुऊन ठेवली आहे, ती घेऊन जा. घरात कपाटांना भिंतीशी जखडणारे एल आकाराचे पत्रे लावून घ्या, विशेषतः पुस्तकांच्या त्या कपाटाला, आणि त्याच्यासमोर मुलीचे अंथरूण घालू नका. येताना तिखट-मसाल्यांपेक्षा बॅटरीचे सेल आणि एक चांगली टॉर्च आणलीत तर उपयोगी पडेल, कारण इथे अजून ते सगळीकडे मिळत नाहीत. कोणत्या विमानाने येता, ते कळवा. पहिल्या दिवशीचा डबा मी पाठवते.